चौदावा फोटो

कोठीतल्या बाकावर एकूण बारा वस्तू होत्या. प्लास्टिकचा कॅमेरा एक, काळे रेनकोट दोन, बापाची पातळ पात्याची पटाशी एक, थर्मामीटर एक, फिल्म धुवायचा झाकणाचा डबा एक, झटपट कॉफीची बरणी एक, धुण्याच्या सोड्याची पुडी एक, व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांची बाटली एक, फोटो पक्का करायचं हायपोचं पाणी भरलेली बाटली एक, काळ्या टेपचं रीळ एक आणि स्टीलची पट्टी एक. रसिकाने त्या दोनदा मोजल्या. तेवढ्यात तिचा बाप बाबली आत आला आणि चहाचा कप त्याच बाकावर ठेवून म्हणाला, "काय गो, वाण्याचा दुकान मांडलंस काय?" कप तिने मोजणीत धरला नाही. उचलून खिडकीच्या कठड्यावर ठेवला. कॅमेऱ्याच्या पाठीवर नखाएवढी खिडकी होती आणि तिच्यात आकडा दिसत होता: चौदा. वीस वर्षं तो चौदाच होता. कॅमेऱ्याच्या चारी कडांना काळा, कडक झालेला लेप होता, त्यात कापसाचे तंतू अडकलेले. मागचं झाकण कुठे संपतं आणि कॅमेरा कुठे सुरू होतो हे बोटाला कळत नव्हतं. रीळ मागे गुंडाळायची चावीसुद्धा त्या लेपाखाली गेली होती. वर दोन रबरबँड होते, ते हात लावताच तुटून पडले. त्यांना तिने वस्तू म्हणून धरलं नव्हतं, आणि आता धरायची गरजही राहिली नव्हती.

चार दिवसांची रजा काढून ती पुण्याहून तारकर्लीला आली होती, आणि रजेच्या अर्जात कारण 'घरगुती' असं लिहिलं होतं. खरं कारण इतकं बारीक होतं की ते लिहायला शब्द सापडला नसता. ती एका भिंगांच्या प्रयोगशाळेत काम करायची. दिवसभर काचेवरचे ओरखडे मोजायचे आणि ते किती खोल आहेत ते लिहायचं. दुपारच्या डब्याला बरोबरचा प्रीतम मोबाइलवर काहीतरी दाखवत होता. जुना फोटो त्याला दिला की माणूस हलतं, पापण्या मिटतं, हसतं. त्याने आपल्या आजोबांना हसवलं. मग म्हणाला, तुझ्याकडे आहे का एखादा? रसिकाच्या फोनमध्ये आईचा चेहरा दिसेल असा एकच फोटो होता, मतदार ओळखपत्रावरचा, ज्यात जानकी कुणीतरी दम दिल्यासारखी समोर बघते आहे. लग्नातला दुसरा होता, पण त्यात तिची मान खाली. प्रीतमने ओळखपत्रावरचा घेतला, आणि सात सेकंदांनी आई हसली. डावीकडचा ओठ आधी वर गेला, मग उजवीकडचा, मग दात दिसले. सगळे वा वा म्हणाले. रसिकाही म्हणाली. हे हसू चुकीचं आहे एवढं तिला आतून लख्ख कळलं, पण बरोबर कोणतं ते आठवायला गेली तर तिथे आता हेच होतं. बस पकडताना, दात घासताना, ओरखडे मोजताना आई मनात यायची ती डावा ओठ आधी वर करूनच. एखाद्या भांड्यात नवीन पाणी ओतलं की जुनं कुठलं ते वेगळं काढता येत नाही तसं. पंधरा दिवस तिने ते सहन केलं. सोळाव्या दिवशी तिला चौदा हा आकडा आठवला.

तिच्याकडे आईची आठवण म्हणून एकच गोष्ट होती, बाकीच्या सगळ्या ऐकलेल्या. त्या आठवणीत सकाळ आहे, पायाखाली ओली वाळू आहे, हातात प्लास्टिकचं काहीतरी आहे ज्याला काजळाचा आणि राळेचा मिळून वास येतो. डोळ्याला लावलेल्या चौकोनात आई उभी आहे, हातात बाबाचं वल्हं सरळ उभं धरून, भालदारासारखी. ती म्हणते, "हलव नको गो. श्वास धर. आता दाब." आणि ते म्हणताना हसते. कोणाकडे बघून, तर रसिकाकडे बघून. एवढंच. सहा वर्षांच्या आयुष्यातलं एवढंच शिल्लक होतं, आणि ते तिने इतक्या वेळा उघडून पाहिलं होतं की घड्या झिजल्या होत्या. शास्त्र शिकलेल्या माणसाला एक वाईट खोड लागते, साधन तपासायची. आपली स्मृती हे साधन किती विश्वासार्ह? आणि बाबली तर पहिल्यापासून म्हणत आला होता की असं काही झालंच नाही.

"तो फोटो मी काढलंय," काल जेवताना तो पुन्हा म्हणाला होता. "उभ्यान काढलंय. माका चांगला याद आसा. वल्हा तिच्या हातात मीच दिललंय. म्हटलंय, जरा खलाशी होऊन दाखव. तेवा हसली ती. माकाच बघान हसली."

"मगे माका कित्याक आठवता, बाबा?"

"तुका बटन दाबूक जोर खंय होतो? सहा वर्सांचा चेडू तू. माझ्या तोंडसून आयकलंस, नि मगे तुका वाटाक लागला, आपणच केलंय."

तो हे भांडून म्हणाला नाही. माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवावा तसं म्हणाला. तिला पहिल्यांदाच दिसलं की यालाही तेवढंच एक हसू आहे. बाकी वर्षांत जानकी हसली असेलच, पण ती सगळी हसणी कामाच्या घाईत वापरून संपलेली. हे एकच कुठेतरी आत बंद करून ठेवलेलं. आणि ते एकाचंच असू शकत होतं, त्याचं किंवा तिचं.

कॅमेरा जानकीने जत्रेतल्या एका पालातून घेतला होता. त्याला बॅटरी नव्हती, भिंगसुद्धा प्लास्टिकचं, फिरवण्याजोगं काहीच नाही. बटण दाबलं की खट् व्हायचं. पहिलं रीळ मालवणला धुऊन आलं तेव्हा प्रत्येक फोटोवर आग लागल्यासारखे लाल पट्टे होते आणि मध्ये धुकं. स्टुडिओवाला म्हणाला, खेळणं आहे, टाकून द्या. जानकीने टाकलं नाही. ती चौथीपर्यंत शिकलेली, पण तिने उन्हात बसून कॅमेरा उघडला, आत डोकावली, आणि म्हणाली की आतलं प्लास्टिक चकाकतं आहे, उजेड आत गेल्यावर आतच उड्या मारतो. मग तिने चुलीवरच्या दिव्याचं काजळ तुपात कालवलं आणि बोटाने आतून सगळीकडे फासलं. झाकणाच्या खाचेत काळ्या लोकरीचा धागा दाबून बसवला, रसिकाच्या स्वेटरचा उरलेला. वर दोन रबरबँड. हे सगळं रसिकाला पुढे बाबलीने सांगितलेलं, आणि पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षी दुर्बिणीच्या नळीला आतून काळा रंग का देतात हे फळ्यावर लिहिलं गेलं तेव्हा ती वहीत काहीच उतरवू शकली नव्हती. शेजारची मुलगी म्हणाली होती, बरं नाही का? ती म्हणाली होती, आहे बरं.

आणि मग बाबलीने केली ती चूक. होड्यांच्या फळ्यांचे सांधे बुजवणं हे त्याचं काम; देवबागेपासून लोक त्याला बोलावून न्यायचे. नवीन रीळ घातल्यावर तेराव्या फोटोपर्यंत सगळं ठीक होतं, पण जानकीला झाकणाच्या कडेला केसाएवढी फट दिसली. ती म्हणाली, ह्यातून उजेड येत असेल. बाबलीने कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला, म्हणाला, एवढंच ना, आणि शेडमध्ये घेऊन गेला. कापसाची वात वळली, राळ आणि डांबर कढवलं, वात त्यात भिजवून सांध्यात पटाशीच्या पाठीने हलके ठोकली, चहूबाजूंनी, अगदी चावीवरूनसुद्धा. पाण्यात बुडवला तरी थेंब जाणार नाही असा करून आणला. जानकी पोट धरून हसली होती म्हणे. "आता ह्येका उघडतलो कोण?" तो म्हणाला होता, "मी आसंय मां." होडीचा सांधा परत उघडायचा नसतो. बुजवतानाच तो कायमचा म्हणून बुजवायचा, नाहीतर त्या होडीत बसायला कोण धजावेल? हे त्याच्या हातांत इतकं मुरलेलं होतं की रीळ कधीतरी बाहेर काढायचं असतं हे त्या हातांना सुचलंच नाही. त्यानंतर एकच फोटो निघाला, चौदावा, मे महिन्यात. जुलैत जानकीला ताप आला, गोळ्यांनी उतरला, परत चढला, आणि चौथ्या दिवशी ओरोसच्या इस्पितळाच्या वाटेवर ती गेली. पटाशी घरातच होती. बाबलीने ती कॅमेऱ्याला कधी लावली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "बंद आसा तवसर ती थंय आसा."

यावेळी तो कसा तयार झाला ते रसिकाला नीट कळलं नाही. काल रात्रीच्या जेवणानंतर तिने त्याला समुद्राचं सांगितलं होतं. फोटोत मागे समुद्र असेल तर क्षितिजाची रेघ कायम फोटो काढणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. समोरच्या माणसाला ती तेवढ्याच उंचीवर कापते. लांब उभं राहा, जवळ उभं राहा, फरक पडत नाही. तिला वाटलं होतं कागदावर आकृती काढावी लागेल. बाबली म्हणाला, "ह्या माका तू शिकवतंस? होडयेत बसान बघलंय तर दर्याची रेघ दुसऱ्या होडयेच्या काठार येता. उभो रवलंय तर वर चढता." बाहेर माडाची झावळी पडली, तिकडे दोघांनी बघितलं. "म्हणजे कोण खरा ता कळतला," तो म्हणाला. "कळतला," ती म्हणाली. "तू बसलंस तर नाय मां तेवा, बाबा? आठवून सांग." "बसतलंय कित्याक? उभ्यान, म्हटलंय नाय?" सकाळी उठल्यावर तो स्वतःच दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला आणि म्हणाला, घे माप. त्याच चौकटीवर दर पाडव्याला त्याने पटाशीने रसिकाची उंची कोरलेली होती, खालून वर, सतरा खाचा. सहाव्या वर्षाची जमिनीपासून एकशे सात सेंटिमीटर. तिचे डोळे तेव्हा डोक्याच्या दहा सेंटिमीटर खाली असणार, म्हणजे सत्त्याण्णववर. बाबलीच्या डोळ्यांपाशी तिने पेन्सिलने खूण केली, ती एकशे सत्तावन्नवर आली. "मी जिंकलंय तर सांजचा माशाचा तिकला तू करतलंस," तो म्हणाला. "पुण्याच्या पाण्यासारखा नको, तिखट कर."

दुपारी जेवण न करता त्यांनी कोठीचं दार लावलं. एका रेनकोटात दुसरा घालून, बटणं आणि गळा टेपने बंद करून रसिकाने त्याची पिशवी केली होती. आत फोनचा टॉर्च पेटवून ठेवून बाहेरून भोकं शोधली तेव्हा अकरा सापडली आणि तिने ती एकेक करून बुजवली. कॅमेरा, पटाशी आणि डबा आत सरकवल्यावर हात घालायला फक्त दोन बाह्या राहिल्या. लेप कापायला बाबलीचाच हात हवा होता, आणि काय कापलं जातंय ते सांभाळायला तिचा. म्हणून उजव्या बाहीतून त्याचा उजवा हात आत गेला, डाव्या बाहीतून तिचा डावा. मनगटांवर नवीन रबरबँड. दोघं बाकावर शेजारी बसली होती, खांद्याला खांदा लावून, आणि समोरच्या भिंतीकडे बघत होती, कारण बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. काळ्या कापडाच्या आत त्याची बोटं तिला सापडली. तिने कॅमेरा तळहातावर घेतला, त्याने पटाशीचं टोक सांध्यावर टेकवलं.

तिला त्याचा हात असा कधीच लागला नव्हता. लहानपणी धरला असेल. पण आता तो दिसत नव्हता म्हणून जास्त होता. अंगठ्याच्या मुळाशी गाठ होती, नखं जाड आणि दरीसारखी फाटलेली, आणि त्या सगळ्या खडबडीतून पटाशी इतकी हळू सरकत होती की तिला आवाज फक्त हाडातून ऐकू येत होता. राळेचा तुकडा निघाला की तो थांबायचा, तिच्या बोटाला सांध्यावर नेऊन ठेवायचा, हे बघ असं न बोलता सांगायचा, मग पुढे. पहिली कड, दुसरी. रेनकोटाच्या गळ्याशी टेपमधूनसुद्धा वास येऊ लागला, राळेचा, आणि त्याच्या खाली दुसरा काहीतरी, करपलेल्या तुपाचा. बाबलीचा श्वास थांबला. तिच्या खांद्याला ते कळलं. "हिचा काजळ," तो भिंतीला म्हणाला. तिसऱ्या कडेला पटाशी जागीच थांबली आणि तिला वाटलं की हा आता मुद्दाम चुकेल. पटाशी एकदा आत घुसली की फिल्म फाटेल, कुणाचं हसू ते कळणारच नाही, दोघांचं दोघांकडे राहील. तिला असंही वाटलं की त्याने चुकावं. किती वेळ तो तसाच धरून राहिला? मग त्याने पटाशीचं टोक जरासं वळवलं, आणि झाकण सुटलं. तिच्या करंगळीला मऊ, गुंतलेलं काहीतरी लागलं. लोकरीचा धागा.

त्याने हात काढून घेतला, तिने ती बाही मुरगळून धरली आणि आपला दुसरा हात आत घातला. फिल्म ठिसूळ झाली होती, पण तुटली नाही. पुढचं सगळं तिच्या सवयीचं होतं, दोनशे वेळा सुट्या पट्टीवर सराव केलेलं. डब्याचं झाकण बसल्यावर तिने रेनकोट उघडला. बाबलीने उघडा कॅमेरा उचलून खिडकीशी नेला आणि आत बघत राहिला. काजळ अजून ओलसर दिसत होतं. भिंगाच्या मागे, कोपऱ्यात, जिथे बोट वळवायला जागा नव्हती तिथे, एक ठसा होता, रेघांसकट. तो त्याने तिला दाखवला नाही. फक्त कॅमेरा तिच्या बाजूला वळवून धरला. तिने पाहिलं. मग ती कॉफी मोजायला लागली. गोळ्या वाटल्या, सोडा विरघळवला, पाणी अठ्ठावीस अंशांवर आलं. स्टुडिओचं औषध न वापरता यानेही फिल्म धुता येते. रंग येत नाहीत, आकार येतात. डबा ती दर मिनिटाला उलटा करत होती आणि बाबली तिच्या फोनवरचं घड्याळ मोठ्याने वाचत होता. "सात झाली." "आठ." नवव्या मिनिटाला तो म्हणाला, "ती दिसली तर माका आधी दाखव." तिने डबा उलटा केला. दहाव्या मिनिटाला त्याने स्वतःच म्हटलं, "नको. तूच आधी बघ."

पट्टी भुऱ्या रंगाची निघाली. नऊ चौकटींत काहीच नव्हतं, वीस उन्हाळ्यांचं धुकं. चारांत काहीतरी: माडाचा बुंधा, वाळत घातलेली जाळी, कोंबडी किंवा दगड, आणि तिरकं झालेलं घर. चौदावी तिने खिडकीला लावली. उलट्या उजेडात एक बाई उभी होती, हातात उभं वल्हं, वल्ह्याचं टोक चौकटीच्या वरच्या कडेला जेमतेम शिवलेलं. रसिकाने डोळ्याला भिंग लावलं. चेहरा अडीच मिलिमीटरसुद्धा नव्हता. त्यात दोन फिके ठिपके होते, ते डोळे असतील. त्यांच्या खाली दाणे होते, नुसते दाणे. तिने भिंग पुढे-मागे केलं. प्लास्टिकच्या भिंगाला आणि जुन्या फिल्मला एवढ्या जागेत जे धरता येत नाही ते तिथे नव्हतं, आणि ते नाही हे सांगायला तिच्याइतकं योग्य माणूस जिल्ह्यात दुसरं नसेल. ती तरी बघत राहिली. प्रीतमच्या फोनला हा फोटो दिला असता तर त्याने त्या दाण्यांतून ओठ काढले असते, डावा आधी. तिला एकदम हलकं वाटलं की या दाण्यांत काहीच नाही. इथे कुणी काही भरलेलं नाही. आई इथे होती, एवढीशी, आणि कुणाकडे तरी बघत होती. "हसता काय?" बाबलीने विचारलं. त्याचा आवाज तिच्या पाठीमागून खूप लांबून आल्यासारखा वाटला.

"तितका दिसना नाय, बाबा. तू बघ."

त्याने बघितलं. भिंग त्याच्या हातात लहान दिसत होतं. खूप वेळाने तो म्हणाला, "साडी पिवळी होती," आणि भिंग परत केलं. मग तो बाहेर गेला. ती समजली, आता तो शेडमध्ये जाऊन बसेल. पण तो वल्हं घेऊन आला. तेच वल्हं. त्याने ते दाराच्या चौकटीला लागून उभं धरलं, जसं जानकीने धरलं असेल तसं, आणि म्हणाला, "माप. थांबलंस कित्याक?" वल्ह्याची लांबी दोनशे चव्वेचाळीस सेंटिमीटर भरली. तिने पट्टी फिल्मवर ठेवली. फिल्मवर वल्हं वीस पूर्णांक चार दशांश मिलिमीटर. समुद्राची रेघ बारीक होती पण सरळ, आईच्या कमरेवरून जाणारी. वल्ह्याच्या बुडापासून आठ पूर्णांक एक दशांश. "वाळू उतरती होती?" तिने विचारलं. "भरती होती. सपाट." तिने ओळीने तीनदा मोजलं, प्रत्येक वेळी पट्टी उचलून परत ठेवून, आणि सरासरी काढली, जरी तीनही वेळा तेच आलं होतं. भागाकार वहीत केला. मग कॅमेऱ्यातून निघालेला लोकरीचा धागा घेतला, जमिनीपासून मोजून तो वल्ह्याला बांधला, गाठ मारली. बाबलीच्या डोळ्यांच्या पेन्सिलच्या खुणेपासून तो धागा बराच खाली होता. बाबली वल्हं सोडून खाली बसला नाही. सरळ धरूनच उभा राहिला, मान तेवढी वाकवली, आणि धाग्याच्या जरा वरची, चौकटीवरची सहाव्या वर्षाची खाच अंगठ्याने चाचपली, नंतर धागा, नंतर परत खाच.

"वाच मगे," तो म्हणाला. "किती इला?"

"सत्त्याण्णव सेंटिमीटर. दोन कमी किंवा दोन जास्त."